पाषाणाचा कुमार

गोदावरीला अजून घाट बांधलेले नव्हते, त्या काळची ही गोष्ट. पोतन नगरात कृतवीर राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्व त्याच नगरात एका शिल्प्याच्या घरी जन्म घेऊन दगड घडवीत होता.

त्याचं नाव सुदंत. आता बोधिसत्त्व म्हटलं की लोकांना वाटतं, जन्मल्या जन्मल्या डोळे मिटून बसला असेल. छे! सुदंत चांगला धिप्पाड गडी होता. तो जेवायला बसला की भाकऱ्या थापता थापता बायकोचे हात दुखायचे. आपल्या हातासारखा हात साऱ्या मुलखात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवायची तसदीही तो घेत नसे. कुणी दुसऱ्या शिल्प्याची मूर्ती नावाजली की तो नुसता "हं" म्हणायचा. तेवढ्यानं समोरच्याचं तोंड उतरायचं.

त्या देशात काळ्या दगडाला तोटा नव्हता आणि मरणालाही नव्हता. उन्हाळ्यात सीमेवर लढाया व्हायच्या, पावसाळ्यात रोगराई यायची. घरातलं माणूस गेलं की ऐपतीप्रमाणे त्याची मूर्ती करून घ्यायची रीत होती. त्यामुळे सुदंताच्या अंगणात मेलेली माणसं कायम अर्धवट घडलेली उभी असायची. "आपली चूल स्मशानावर पेटते बरं का," असं बायको म्हणायची आणि तोही हसायचा. मरणाकडे त्यानं तोवर धंद्याच्या नजरेनंच पाहिलं होतं. कपाळ किती, नाक किती, कान कुठं, एवढंच.

राजाला एकच मुलगा होता, पुष्य. सहा वर्षांचा, समोरचा एक दात पडलेला. राजवाड्यातल्या हंसांच्या मागे काठी घेऊन पळायचा आणि हंस उलटून अंगावर आले की आईच्या पदरात तोंड लपवायचा. त्याच्या आईचं, राणीचं नाव अनुला. तिचा पोरावर भारी जीव. तो जेवल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

माघ महिन्यात राणी दुसऱ्यांदा बाळंत झाली आणि तिला मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी पुष्याला ताप भरला. वैद्यानं त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि मान फिरवली. घटसर्प होता. त्या राजकुळात अशी रीत की बाळंतिणीनं बाराव्यापर्यंत बाळंतघराचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि आजाऱ्याजवळच्या माणसानं तिच्याकडं फिरकायचं नाही. राजानं बजावलं, राणीच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. राजा बोले, दळ हाले. कुणी तोंडातून ब्र काढला नाही.

वैद्यांनी हात टेकले तेव्हा राजानं एक भलतंच केलं. दुःखात माणूस काय करील याचा नेम नाही हेच खरं. आईला बोलवायचं सोडून त्यानं शिल्प्याला बोलावलं, पोराची मापं तरी राहावीत म्हणून. सुदंत गाठी मारलेलं मापाचं सूत घेऊन गेला. जिथं आईनं बसायचं त्या जागी, मुलाच्या उशाशी, तो बसला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत मापं घेत राहिला. उजाडता उजाडता पुष्य गेला.

"हसत-खेळत होता तसा घडव," राजा म्हणाला. "हा असला चेहरा मला नको. आणि सुदंता, तू इथं जे पाहिलंस, ऐकलंस, ते इथंच ठेवून जा."

सुदंत ठेवून गेला. बाराव्या दिवशी राणीला सांगितलं गेलं की पुष्य गेला. झोपेतच गेला, हसत गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. तोवर नदीवर त्याचे अंत्यसंस्कारही उरकले होते. मरणाची बातमी कानावर पडली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही तर साध्या घरातलीही रीत. बायकांनी पाण्याचा घडा आणला. राणीनं तो हातानं बाजूला सारला. "मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "पाहिल्याशिवाय मी पाणी घेणार नाही." तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं सगळे म्हणाले.

चैत्रात मूर्ती पुरी झाली. काय वर्णावी! हनुवटी जरा वर, काखेत काठी, हसताना पडलेल्या दाताची खिडकी दिसतेय, आणि गाल असे भरलेले की बघणाऱ्यानं गालगुच्चा घ्यायला हात पुढं करावा. वाळूनं घासघासून आणि तेल पाजून सुदंतानं दगडाला कातडीची झाक आणली होती. राणीनं मूर्तीला पाहिलं, पुढं होऊन कवेत घेतलं आणि म्हणाली, "आलास? किती वाट बघायची रे!"

तेव्हापासून राणीचं सगळं त्या दगडाभोवती. सकाळी त्याला ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, अंगडं चढवायचं, दूधभात भरवायचा. भात दगडाच्या ओठांवरून ओघळायचा, तो ती पदरानं पुसायची. राजा बघायचा आणि गप्प बसायचा, कारण राणी जेवत होती, बोलत होती. बायकोही हातची जायची ही भीती त्याच्या पोटात होती. सुदंताचं म्हणाल तर त्याची छाती फुगली. दूरदूरचे शिल्पी मूर्ती बघायला येत आणि खाली मान घालून परत जात. सख्खी आई फसली, याहून मोठी पावती ती कोणती, असं तो चारचौघांत बोलूनही गेला.

आणि ती मुलगी? तिला राणीनं एकदाही जवळ घेतलं नाही. हिच्यापायी मी बाळंतघरात अडकले आणि तिकडं माझा पोरगा गेला, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मग काय, राजवाड्यातल्या बायकांनाही जिभा फुटल्या. पांढऱ्या पायाची आहे, भावाच्या मुळावर आली, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. पोरीला मागच्या ओवरीत सोणा दाईच्या हवाली केलं. सोणाचं वय झालेलं, तिला कुठलं दूध असणार! शेळीच्या दुधावर पोर कशीबशी जगत होती. नाव ठेवायचंसुद्धा राहून गेलं होतं.

त्याहून वाईट पुढंच होतं. त्या कुळात असा नियम होता की वर्षाच्या आत आईनं मूल चारचौघांसमक्ष मांडीवर घेतलं पाहिजे. नाही घेतलं तर ते मूल कुळाचं नव्हे. राणीनं साफ सांगून टाकलं होतं, "माझ्या मांडीवर पुष्य बसतो. तिथं जागा नाही." माघात वर्ष भरलं की पोरीला नदीपल्याड धनगरांच्या वस्तीवर नेऊन द्यायचं, हे राजानं ठरवून टाकलं. कडाक्याच्या थंडीत तो प्रवास त्या काडीसारख्या पोरीला सोसणार नाही हे त्यालाही कळत होतं. पण कळून करतो काय? इकडे आड, तिकडे विहीर.

पौष लागला आणि एके दिवशी सोणा दाई मुलीला काखेला मारून सुदंताच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"काय हवंय, आजी?" सुदंत म्हणाला. "कुणाची मूर्ती करायचीय?"

"हिची कर," सोणा म्हणाली आणि तिनं पोरीला दगडांच्या कपच्यांत खाली बसवलं. "आत्ताच माप घेऊन ठेव. महिन्याभरात लागेलच."

सुदंतानं पोरीकडं पाहिलं. डोकं मोठं, मान बारीक, हाताला धरावं तर हाडच लागेल. तिनं समोरची एक कपची उचलली, तोंडात घातली आणि डोळे मिटून चोखायला लागली. भुकेलं मूल आणखी काय करणार! सोणानं बोट घालून ती काढली, तर पोर रडलीसुद्धा नाही, दुसरी उचलायला वळली.

"मी काय करू यात?" सुदंत म्हणाला. "मी दगड घडवतो. राण्या घडवत नाही."

"मोठा आलास! राणी बिघडवली कुणी मग?" सोणा कडाडली. "तुझ्या त्या दगडाला रोज दूधभात मिळतो आणि ही हाडामांसाची पोर दगड चोखते. सख्खी आई फसली म्हणून फुशारक्या मारतोस, ऐकलंय मी. फसलेल्या आईचं काय झालं, ते बघायला तेवढा आला नाहीस."

सोणा गेल्यावर सुदंत अंगणातल्या मूर्तींमधून उगाच हिंडत राहिला. सेनापती होता, सावकार होता, दोन मुलांची आई होती. सगळ्यांचे चेहरे शांत, भरलेले, तेजाळ. यातल्या कितीकांना त्यानं शेवटच्या घटकेला पाहिलं होतं. त्यातला एकही असा दिसत नव्हता. मरण त्यानं कधी घडवलंच नव्हतं. त्यावर हात फिरवून, गुळगुळीत करून तो ते घरोघर देत आला होता, आणि घरचे लोक खुशीनं घेत आले होते. आणि हा दगड तरी किती दिवसांचा? पावसापाण्यानं याचीही नाकं झिजणार, मग कोण सेनापती आणि कोण सावकार हे सांगायलाही कुणी उरणार नाही. भूक तेवढी त्या पोरीला आत्ता लागली होती. त्याला स्वतःची शरम वाटली. फार वाटली.

पौषातच पुष्याचा जन्मदिवस. दर वर्षी त्या दिवशी राणी त्याला देवघराच्या खांबाला टेकून उभं करायची आणि डोक्यापाशी खांबावर खूण करायची. यंदा तिनं दासींकरवी मूर्ती खांबाला लावली. डोकं बरोबर गेल्या वर्षीच्या खुणेला लागलं, केसभरही वर नाही. राणीचा चेहरा पडला. पोर वाढत का नाही? याला कुणाची नजर लागली? संध्याकाळपर्यंत तिनं अन्न टाकलं. दुसऱ्या दिवशी राजानं सुदंताला बोलावणं धाडलं.

राजा एकटाच होता. वर्षात म्हातारा झाला होता. "हे बघ सुदंता," तो म्हणाला, "राणीला सात वर्षांचा मुलगा हवाय. तू बोटभर उंच अशी दुसरी मूर्ती कर. राणी दुपारी झोपते, तेवढ्यात बदलून टाकू. पुढच्या वर्षी आणखी एक. दर वर्षी एक मूर्ती आणि दर वर्षी तुला नदीकाठची नवी जमीन. तुझ्या नातवंडांना टाकी हातात धरायची गरज उरणार नाही."

"आणि मुलगी, महाराज?"

राजानं तोंड फिरवलं. "तिचं नशीब," तो म्हणाला.

खोटं कशाला बोला, सुदंताच्या डोळ्यांपुढून नदीकाठची काळीभोर जमीन सरकून गेली. बोधिसत्त्व झाला तरी माणूसच होता. सात वर्षांचा पुष्य, आठ वर्षांचा, मिसरूड फुटलेला, असे एकाहून एक पुष्य त्याच्या हातांना दिसायलासुद्धा लागले. शिल्प्याचे हात ते, त्यांना काय कळतंय! मग तो म्हणाला, "दुसरी मूर्ती नको. आहे तीच मी राणीसाहेबांसमोर बसून सात वर्षांची करतो. मधे कुणी येऊ नये, एवढंच."

दगड वाढवता येत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बुडत्याला काडीचा आधार. राजानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर सुदंत टाकी-हातोडा घेऊन राणीच्या दालनात गेला. मूर्ती मधोमध उभी होती. अंगात नवं अंगडं होतं, थोडं ढगळ, वाढत्या अंगाचं. राणीनं ते स्वतःच्या हातानं उतरवलं. "दुखू देऊ नकोस त्याला," ती म्हणाली.

"देवी, तुम्ही आई," सुदंत म्हणाला. "तुम्ही सांगा तसं करतो. सहाचा सात झाला की मुलाचं काय काय बदलतं?"

राणी हरखली. वर्षभरात पुष्याबद्दल तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे विषय टाळायचे. "गाल उतरतात," ती म्हणाली. "बाळसं झडतं ना."

सुदंतानं गालांना टाकी लावली. कपच्या उडाल्या.

"मान उंच दिसायला लागते. आणि डोळे, डोळे मोठे वाटतात."

त्यानं मान बारीक केली. डोळ्यांखालचा, भुवयांखालचा दगड खोल काढला. राणी बोलत होती आणि तो काढत होता. दुपार झाली. बोलता बोलता ती मधेच थांबली, उठून मूर्तीच्या समोर आली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा वाळला का?" ती म्हणाली. "मोठा व्हायचा तर लहान कसा झाला?"

"दगडातून काढता येतं, देवी. दगडात घालता येत नाही."

"पण सात वर्षांचा नाही दिसत हा."

आता जे बोलायचं त्यापायी आपले हात मनगटापासून जाऊ शकतात, हे सुदंताला ठाऊक होतं. "नाही दिसत," तो म्हणाला. "तो सात वर्षांचा झालाच नाही."

राणीनं हात उगारला. सुदंत हलला नाही. तिचा हात तसाच वर राहिला, आणि त्यानं टाकी मूर्तीच्या ओठांना लावली. हसरे ओठ काढले. पडलेल्या दाताची खिडकी गेली. तोंड अर्धवट उघडं राहिलं, श्वासासाठी उघडावं तसं. हे त्याला आठवावं लागत नव्हतं. वर्षभर ते त्याच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं.

"हा कोण?" राणी कुजबुजली. "हा कोण आहे?"

"हा मी पाहिलेला पुष्य. तो दुसरा महाराजांनी सांगितलेला होता."

"तू होतास तिथं?"

"होतो."

"मी नव्हते," राणी सावकाश म्हणाली, "आणि तू होतास." ती खाली बसली. "मला सांगितलं, झोपेत गेला. हसत."

"खोटं सांगितलं, देवी. मीही त्यात होतो. तेच खोटं मी दगडात करून दिलं."

"त्यानं माझी आठवण काढली?"

इथं सुदंत थांबला. नाही म्हणावं, शेवटी त्याला शुद्ध नव्हती म्हणावं. एक शब्द, आणि या बाईवर दया होईल. शब्द जिभेवर आलाही होता. पण असल्याच दयेनं ती वर्षभर दगडाला भात भरवत होती आणि मागच्या ओवरीत पोर दगड चोखत होती. त्यानं टाकी खाली ठेवली.

"संध्याकाळपासून तुम्हालाच हाका मारत होता," तो म्हणाला. "आई का येत नाही, म्हणून मलाच विचारलं त्यानं. मग घसा बंद झाला. आवाज गेला तरी ओठ हलत होते. ते काय म्हणत होते, ते कुणालाही कळलं असतं."

"मला ऐकू कसं आलं नाही? मधे एवढंसं अंगण!"

"बाळंतघरातल्या बायकांना गाणी म्हणायला सांगितलं होतं. मोठ्यानं."

"हो," राणी म्हणाली. "गात होत्या. मला वाटलं, मुलगी झाली तरी किती आनंद झालाय सगळ्यांना. मी हसत होते रे. तो हाका मारत होता, आणि मी इकडं हसत होते."

मग तिनं जो हंबरडा फोडला, तो साऱ्या राजवाड्यानं ऐकला. वर्षाचं रडू एकदम बाहेर पडलं. ती जमिनीवर डोकं आपटायला लागली तेव्हा सुदंतानं आपला हात मधे घातला. "पोरीनं मला अडवलं," ती हुंदक्यांतून म्हणत होती, "पोरीनं मला जाऊ दिलं नाही."

"पोर चार दिवसांची होती, देवी. दार मोठ्या माणसांनी लावलं होतं. तिलाही त्यांनी तिथंच कोंडलं होतं."

राजा धावत आला. त्यानं मूर्तीचा चेहरा पाहिला आणि भिंतीला धरून उभा राहिला. जो चेहरा त्याला कधीच बघायचा नव्हता, तोच समोर होता. "मारलंस त्याला!" तो ओरडला. "पुन्हा मारलंस!"

"त्याला उभा कशाला ठेवलाय?" राणी म्हणाली. "दमलाय तो. आडवा करा."

कुणी पुढं होईना. तेव्हा सुदंतानं आणि राजानं मिळून मूर्ती धरली आणि जमिनीवर आडवी केली. राणीनं अंगावरची शाल काढून तिच्यावर गळ्यापर्यंत घातली, उशाशी बसली आणि दगडाच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. किती तरी वेळ. मग म्हणाली, "पाणी आणा."

पौषातलं गार पाणी. तिनं डोक्यावरून घेतलं. ओलेत्यानं, कुडकुडत उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा मुलगा गेला." दुसऱ्या दिवशी मूर्ती गोदावरीच्या डोहात सोडून दिली. आपल्या हातून घडलेलं सगळ्यात खरं काम ते होतं, हे सुदंताला पाण्याकडं बघताना कळलं. ते पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नव्हतं.

राजानं त्याचे हात तोडले नाहीत. पण त्या चेहऱ्याची माफीही दिली नाही. टाकी-हातोडा काढून घेतला आणि त्याला बायकोसकट देशाबाहेर घालवलं. राणी त्याच्यासाठी एक शब्द बोलली नाही. तिला ते सुचलंच नाही, ती आपल्या दुःखात होती. नदीकाठची जमीन हातची घालवलीस रे, असं बायकोनं वाटभर ऐकवलं, आणि तिचंही काही चुकीचं नव्हतं.

माघात वर्ष भरलं. चार माणसं जमली. राणी मांडी घालून पाटावर बसली आणि सोणा दाई पोरीला घेऊन आली. तुम्हाला वाटेल, आता माय-लेकी गळ्यात पडल्या. कशाच्या पडतात! पोरीनं त्या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं. राणीनं मांडीवर घेताच तिनं असा टाहो फोडला की विचारू नका. अंग टाकत होती, सोणाकडं हात पसरत होती, काळीनिळी झाली. लोक म्हणाले, घेतली ना मांडीवर, नियम झाला, आता द्या दाईकडं. राणीनं दिली नाही. जबरीही केली नाही. सोणाला तिनं आपल्या पाटावर शेजारी बसवलं, पोरीचा एक हात सोणाच्या हातात राहू दिला, आणि पोर रडून रडून थकून झोपेपर्यंत तशीच बसून राहिली. तिच्या स्वतःच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. ज्या आईला एक मूल रडताना ऐकूच आलं नव्हतं, ती दुसऱ्याचं सगळं रडणं ऐकून घेत होती.

पोर जगली. तिचं नाव क्षांता ठेवलं. मोठी होईपर्यंत ती सोणालाच आई म्हणत राहिली आणि आईला राणी. अनुलेनं तिला कधी दुरुस्त केलं नाही. सुदंत परमुलखात दारोदार फिरून पाटे-वरवंट्यांना टाकी लावून देत म्हातारा झाला. एका व्यापाऱ्याकडून पोर वाचल्याचं त्याला कळलं, त्या दिवशी तो एक भाकरी जास्त जेवला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धपदाला पोचलेल्या बोधिसत्त्वानं, विहारात सांगितली, तेव्हा सभेत मागं एक विणकराची बायको बसली होती. गेल्या पावसाळ्यात तिचा मुलगा गेला होता आणि तेव्हापासून ती घरात कुणाशी बोलत नव्हती. शास्ते म्हणाले, "त्या वेळची सोणा दाई म्हणजे आज या बाईला हाताला धरून इथं घेऊन आलेली तिची सासू. राजा कृतवीर म्हणजे आत यायला धजत नाही म्हणून दाराबाहेर उभा असलेला हिचा नवरा. क्षांता ही आजही हिचीच मुलगी आहे, ती घरी आहे. राणी अनुला ही स्वतः. आणि शिल्पी सुदंत मीच होतो."

त्या बाईनं कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "आणि पुष्य?" ती म्हणाली. "तो आता कुठं आहे, भंते?"

शास्त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"तो आता दुसऱ्या कुणाचा मुलगा आहे, बाई," ते म्हणाले. "त्याला तिथं राहू दे. घरी जा, तुझी मुलगी जेवायची थांबली असेल."

बाई रडत उठली आणि सासूचा हात धरून बाहेर गेली. दारातला नवरा त्यांच्या मागोमाग चालू लागला. मग शास्ते भिक्षूंना म्हणाले की ज्यानं स्वतःचं काही जात नाही असं खरं बोलणं सोपं असतं, आणि त्या जन्मी आपण आचरली ती सत्यपारमिता, म्हणजे स्वतःचं सगळं पणाला लावून पाळलेलं सत्य होतं.